डब्याखालचा राजमा

देवधर बाईंच्या घरातल्या वरच्या खोलीला अजूनही व्हिनेगरचा वास येतो. गेल्या महिन्यात मी ते दार उघडलं आणि दहा वर्षांपूर्वीचे सगळे रविवार एकदम अंगावर आले. ओला कापूस, विझलेल्या काडीचा धूर, फुग्याच्या रबराचा गोडसर दर्प, पिठाची खळ, संत्र्याच्या साली. आणि या सगळ्याच्या तळाशी, कुणालाही न सांगितलेली एक गोष्ट.

बाई फरीदाबाद कायमचं सोडून पुण्याला मुलाकडे निघाल्या आहेत. गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून वरच्या खोलीतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते पाहायला त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत सगळं तसंच होतं. सलाइनच्या रिकाम्या बाटल्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, भिंगं, लोहचुंबक, संपलेल्या रिफिली, आइस्क्रीमच्या धुऊन वाळवलेल्या काड्या. कोपऱ्यात, सुतळीने बांधलेले मुलांच्या वह्यांचे गठ्ठे.

मी परभणीहून दिल्लीला आले ती स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी. करोलबागेजवळच्या एका खोलीत आम्ही तिघी राहत होतो. खिडकी नव्हती. भिंतीवर भारताचा नकाशा होता आणि त्याखाली माझी गादी. आमच्या मेसच्या काकू एकदा म्हणाल्या की फरीदाबादला त्यांच्या ओळखीच्या एक मराठी बाई आहेत, रविवारी लहान मुलांना विज्ञानाचे प्रयोग करायला लावतात, त्यांना मदतीला कुणीतरी हवंय. माझा विषय इतिहास. दहावीनंतर मी विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं. तरी गेले. खरं सांगायचं तर प्रयोगांनंतर बाईंच्या घरी मिळणाऱ्या वरण-भातासाठी गेले. मेट्रो नुकतीच तिथवर पोचली होती. रविवारी सकाळी डबा जवळजवळ रिकामा असायचा, आणि बदरपूर मागे पडलं की खिडकीतून गिरण्यांची धुराडी आणि कीकरांची, म्हणजे बाभळीची, झाडं दिसू लागायची.

बाईंनी तीस वर्षं एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जवळच्या प्राथमिक शाळेची एक खोली रविवारपुरती मागून घेतली होती. तिसरी, चौथी, पाचवीची वीस-पंचवीस मुलं यायची. कुणाचे वडील बिहारचे, कुणाचे ओडिशाचे, कुणाचे इथलेच. सगळ्यांची घरं कारखान्यांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये. त्यांना बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मला बाई म्हणा, आणि मुलं तोंडावर हात ठेवून हसली, कारण त्यांच्या भाषेत बाई म्हणजे घरकाम करणारी. मग ती मॅडमजी म्हणू लागली. बाई म्हणणारी एकच होती, पूनम. तिचे वडील बुलढाण्याचे.

शाळेच्या त्या खोलीतले ऋतू मला कॅलेंडरपेक्षा जास्त लक्षात आहेत. थंडीत धुकं उठायला अकरा वाजायचे, आणि पहिलं ऊन खिडकीतून आत आलं की सगळी भिंगं एकदम बाहेर निघायची, वर्तमानपत्राला भोकं पडायची, करपल्या कागदाचा वास स्वेटरांना लागायचा. दिवाळीनंतर आम्ही पांढऱ्या पुठ्ठ्यांना व्हॅसलिन फासून ते खिडकीबाहेर टांगायचो. आठवड्याने उतरवले की मुलं भिंगातून काळे ठिपके मोजायची आणि आपण हे आत घेतो का, असं विचारायची. मे महिन्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली आणि कोरडी बाटली शेजारी शेजारी. मुलं दोन्हींतलं पाणी चाखून, गंभीर चेहऱ्याने निकाल द्यायची. मग कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि बाई म्हणायच्या, चलो, वह्या काढा.

वहीत दोन रकाने असत. डावीकडे ‘मुझे लगता है’, उजवीकडे ‘मैंने देखा’. डावा रकाना प्रयोगाआधी भरायचा, उजवा नंतर. आणि खोडरबर वापरायला बंदी. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, असं बाई सांगत. आपण आधी काय समजत होतो ते पुसून टाकलं तर शिकलो काय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला हे सगळं जरा अतीच वाटायचं. माझ्या खोलीवर मी आदर्श उत्तरं पाठ करत होते.

पूनम तेव्हा चौथीत होती. बारीक, कानात चांदीच्या बाळ्या, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या. सगळ्यांसमोर ती मला दीदी म्हणायची आणि एकटी असली की ताई. तिचं मराठी गोड आणि अर्धवट होतं. कोंब हा शब्द तिला माहीत नव्हता. मी शिकवला तेव्हा तिने तो दोन-तीनदा जिभेवर घोळवून पाहिला आणि म्हणाली, छोटा आहे, पण चांगला आहे. तिला मोजायचं वेड होतं. खोलीच्या फरशा, माझ्या ओढणीची लांबी, मुंग्यांच्या रांगेला दारापासून खिडकीपर्यंत लागणारा वेळ. वर्गात आली की आधी स्केल काढून ठेवायची.

दसऱ्याच्या आधी बाईंना चिकनगुनिया झाला. त्या वर्षी निम्मी दिल्ली सांधे धरून बसली होती. मुलांना दोन-दोन ग्लासांत राजमा पेरायला त्यांनीच लावलं होतं. एक ग्लास उन्हात ठेवायचा, दुसरा डब्याखाली झाकायचा, दोघांना सारखं पाणी घालायचं, आणि चौदा दिवसांनी मोजायचं. तो रविवार आला तेव्हा बाई अंथरुणावर होत्या. मला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, मुलं काय म्हणतात ते ऐक आणि लिहू दे.

मी ऐकायला गेलेच नव्हते. पुढच्या रविवारी कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सभागृहात दिल्लीतल्या मराठी मंडळींचा मेळावा होता, आणि तिथे आमच्या मुलांना एक कोपरा मिळाला होता. त्यासाठी मी शनिवारी दिवसभर खपून एक तक्ता केला होता. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, वर वेलबुट्टी काढून. ‘रोशनी के बिना पौधा नहीं बढ़ता.’ प्रकाशाशिवाय रोप वाढत नाही. मला ते इतकं उघड वाटत होतं की पुस्तक पाहायचीही गरज वाटली नव्हती. माझं अक्षर चांगलं आहे. ते लोकांनी पाहावं असं मला वाटत होतं.

मुलांनी एकेक करून सांगायला सुरुवात केली. बऱ्याच जणांनी पाणी घालायचं विसरून दोन्ही रोपं मारली होती. काहींनी तक्त्याकडे पाहून लिहिलं होतं. मग पूनम उठली आणि तिने हिंदीत सांगितलं की डब्याखालचं सतरा सेंटीमीटर आणि उन्हातलं नऊ.

मुलं हसली. मीही हसले. मी म्हटलं, ग्लास बदलले असतील. ती म्हणाली, नाही, डब्यावाल्याला लाल धागा बांधला होता. मी म्हटलं, घरात कुणी डबा उचलून ठेवला असेल. ती म्हणाली, नाही, आईला हात लावू दिला नाही. मग म्हणाली, पुढच्या रविवारी घेऊन येऊ का, आज आणणारच होते पण मान मोडेल म्हणून आणलं नाही. मी म्हटलं, काही गरज नाही. मुलांची चुळबुळ वाढली होती आणि तक्ता माझ्या पाठीमागे टांगलेला होता.

मी तिच्याजवळ जाऊन वाकले आणि आपल्या माणसाला समजवावं तसं मराठीत बोलले.

“पूनम, असं नसतं गं. उजेड नसेल तर झाड वाढेल कसं? तुझं काहीतरी उलटंसुलटं झालंय. नीट लिही बरं.”

आणि माझ्या कंपासातला खोडरबर काढून तिच्या वहीवर ठेवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. “बाई रबर नको म्हणतात.”

“आज मी आहे ना.”

तिने पुसलं. जोर लावून, जीभ दातांत धरून. पुसल्यावर वहीवर फुंकर मारली. त्या खोडरबराला कसलातरी खोटा स्ट्रॉबेरीचा वास होता, तो अजून आठवतो.

बुधवारी बाईंचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण राजम्याचं काय झालं ते ऐकायची घाई. त्यांनी मला विचारलं की डब्याखालचं उंच वाढलेलं किती जणांनी पाहिलं. मला आधी कळलंच नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की अंधारात रोप उलट भराभर उंच होतं, पिवळं आणि लुळं, बीमध्ये साठवलेलं सगळं खर्चून ते उजेड शोधत वर धावतं, आणि मुलांना हेच दिसावं, त्यांनी चकित व्हावं म्हणून तर हा प्रयोग. मग पुन्हा विचारलं, सांगितलं का कुणी?

मी म्हटलं, “नाही बाई. कुणीच नाही.”

“कुणीच नाही?” त्या म्हणाल्या. “नीट पाहिलं नसेल पोरांनी.”

माझ्या त्या एका वाक्यात मी पंचवीस मुलांचे डोळे वाया घालवले. बाहेर कुणीतरी कुकर लावला होता. मी शिट्ट्या मोजत गादीवर बसून राहिले.

सुधारायला अजून चार दिवस होते. पूनमचं घर मला माहीत होतं. एक मेट्रो, एक रिक्षा. मी गेले नाही. शनिवारी मी तो तक्ता उलगडला आणि ‘नहीं’च्या आधी, दोन शब्दांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, बारीक अक्षरात ‘ठीक से’ असे दोन शब्द घुसवले. प्रकाशाशिवाय रोप नीट वाढत नाही. आता ते कुणाला खोटं म्हणता आलं नसतं. निळी शाई तीच, वळण तेच.

मेळाव्याला मुलं बसने आली. बहुतेकांनी इंडिया गेटचा रस्ता पहिल्यांदाच पाहिला होता. सभागृहात बटाटेवड्यांचा आणि अत्तराचा वास, जरीच्या साड्या, कार्यालयांतून आलेली माणसं, पुण्या-मुंबईकडच्या कंपन्यांत काम करणारी जोडपी. आमच्या कोपऱ्यात फुग्यांवर चालणाऱ्या गाड्या होत्या, भिंगं होती, आणि मध्यभागी तक्ता. त्याच्याजवळ उभं राहून सांगायला मी पूनमला निवडलं होतं. ती चांगलं बोलायची, दोन्ही भाषांत बोलायची. तिने तक्ता हळूहळू वाचला. त्या बारीक शब्दांपाशी तिचं बोट क्षणभर थांबलं. तिला काय कळलं, ते मला कळलं नाही. मी चेहरा दुसरीकडे वळवला होता.

दुपारपर्यंत तिने तेच वाक्य शेकडो लोकांना सांगितलं असेल. एका पाहुण्या बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला आणि मुलगी इथे वाढूनही मराठी किती छान बोलते म्हणून माझं कौतुक केलं. नंतर बाईंना मी फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून तक्ता वाचला आणि म्हणाल्या, ठीक से लिहिलंस ते बरं केलंस.

पुढे दीड वर्षं मी जात राहिले. मग परीक्षेची शेवटची संधीही गेली, मी नोएडात नोकरीला लागले, लग्न झालं, रविवार दुसऱ्या कामांचे झाले. राजम्यानंतरच्या आठवड्यांतली पूनम मला नीट आठवत नाही. ती येत होती, एवढं नक्की. शांत बसायची, वेळेवर लिहून द्यायची. त्रास नव्हता तिचा काही.

गेल्या महिन्यात, वरच्या खोलीत फरशीवर बसून मी सुतळी सोडली, तेव्हा गठ्ठ्यातली पाचवी की सहावी वही तिची होती. ते पान मी शोधलं नाही, ते आपोआप उघडलं. कागद तिथे पातळ झाला होता. उजव्या रकान्यात ठळक अक्षरात माझं वाक्य होतं. खिडकीकडे तिरपं धरल्यावर त्याच्या खाली दाबून लिहिलेल्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. सतरा, नऊ, पिवळं आहे, मान वाकडी आहे. आणि शेवटी, ‘शायद वो धूप ढूँढ रहा है.’ कदाचित ते ऊन शोधतंय.

नऊ वर्षांच्या मुलीने हे स्वतःच्या डोक्याने लिहिलं होतं. तीन दिवसांनी बाईंनी मला जे समजावलं, ते तिला आधीच सुचलं होतं.

मी पुढची पानं उलटली. मेणबत्ती, चुंबक, व्हिनेगर, सावली. प्रत्येक पानावर डावा आणि उजवा रकाना शब्दाशब्दाने सारखा. जे वाटलं तेच पाहिलं. खाडाखोड नाही, रेघ नाही, एक आकडाही नाही. ज्या मुलीने मुंग्यांना लागणारा वेळ मोजला होता, तिच्या वहीत त्या दिवसानंतर एकही माप नव्हतं. शेवटच्या पानावर बाईंनी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पूनम, तुझं कधीच चुकत नाही का?’ त्याखाली उत्तर नव्हतं.

वही घेऊन मी खाली गेले. बाई पलंगावर बसून लोकरीचे कपडे घडी करत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. खोडरबर, बुधवारचा फोन, ते दोन शब्द. त्यांचे हात थांबले. त्यांनी वही माझ्याकडून घेतली, ते पान खिडकीकडे धरून पाहिलं, आणि मिटली.

“मला काय सांगतेस,” त्या म्हणाल्या. “तिला सांग.”

पूनमच्या आईचा नंबर त्यांच्याकडे होता. पूनम आता एकोणीस-वीस वर्षांची आहे. डिप्लोमा करून गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, मालाच्या तपासणीच्या विभागात काम करते. जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर भेटू म्हणाली.

तिने मला लांबूनच ओळखलं. बाळ्या नव्हत्या, केस कापलेले, निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. “ताई, तुम्ही तर बिल्कुल तशाच आहात,” म्हणत तिने चहाच्या टपरीजवळचा बाक रुमालाने झटकला. पहिली काही मिनिटं तीच बोलत होती. वडिलांचं, धाकट्या भावाचं, बाईंच्या गुडघ्यांचं. काम काय करतेस म्हटल्यावर सांगू लागली की दिवसभर मोजायचंच काम आहे, दर तासाला पाच नग उचलायचे, जाडी मोजायची आणि रजिस्टरमध्ये लिहायची.

“आवडतं?” मी विचारलं.

“सोपं आहे,” ती हसली. “सर आले की मी आधीच विचारते, सर, किती हवंय? तेवढं लिहिते. सगळे खूश.”

मी चहा बाकावर ठेवला. मग मी तिला सांगितलं. तुला आठवतंय का असं विचारत बसले नाही. राजम्याचं रोप, डबा, तिची मापं. तू बरोबर होतीस आणि मी चुकले होते, असं सरळ सांगितलं.

ती अवघडली. कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, “जाऊ द्या ना ताई. मला माहीत होतं. मी घरी जाऊन परत मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी वीस झालं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला ते आवडलं नसतं.” ती मोकळेपणाने म्हणाली, जणू यात सांगण्यासारखं काही नाही. मग तिला काहीतरी आठवलं असावं. “तुम्हाला कधी कळलं?”

जिभेवर उत्तर तयार होतं. आत्ता, वही सापडली तेव्हा. किंवा, बऱ्याच वर्षांनी. तिने ते मानलं असतं, तिने बाक झटकला होता, मला ताई म्हटलं होतं. समोर ट्रक मागे घेणाऱ्या माणसाचा आरडाओरडा चालू होता. मी तो संपेपर्यंत थांबले.

“त्याच आठवड्यात,” मी म्हटलं. “बुधवारी.”

तिचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मग हळूहळू उतरलं.

“म्हणजे मेळाव्याच्या आधी.”

“हो.”

“अच्छा,” ती म्हणाली. दिल्लीत या एका शब्दात काहीही बसतं. ती कप घेऊन उठली, तो टपरीच्या डब्यात टाकला आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. बसली नाही. “मी तिथे दिवसभर ते बोलत होते, ताई. माझी आई मागे उभी राहून ऐकत होती. तिने घरी ते रोप पाहिलं होतं.”

तिच्या आईचा मी कधी विचारच केला नव्हता.

भोंगा झाला. तिने ओळखपत्र नीट केलं, येते म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेटातून आत गेली. मागे वळली नाही. मी बराच वेळ तिथेच बसले. सुट्टी संपून बाक रिकामे झाले, टपरीवाल्याने दुधाचं पातेलं विसळून पालथं घातलं.

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मला जे हवं होतं तेच तिने सांगितलं असतं.